भाऊ, ठेका कानानं जुळवायला शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला ज्यांनी कधी लग्नाला साउंड सांगितला असेल, ते बरोबर ओळखतील. पत्र चारचौघांत लिहितेय, कारण आपल्याकडं डीजेवाल्याचे आभार मानायची पद्धतच नाही. लोक रात्रभर नाचतात, जेवणाला दाद देऊन घरी जातात, आणि गाणी लावणाऱ्याच्या वाट्याला फक्त फर्माइशी आणि तक्रारी येतात. तुमच्याकडून शिकलेलं हे काम किती बारकाईचं आहे ते लोकांना कळावं, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या गोडाऊनवर आले त्या दिवशी तुम्ही सगळ्यात आधी लॅपटॉपच्या पडद्यावर चिकटपट्टी लावली, अगदी गाण्याचा वेग दिसतो तिथंच. दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं सिंकचं बटण बंद. एक गाणं स्पीकरवर, दुसरं हेडफोनच्या एका कानात, आणि दुसरा कान उघडा. ‘स्क्रीनकडं काऊन पाहून रायली? गाणं कानात हाये,’ म्हणालात. दोन गाण्यांचे ठोके नेमके एकावर एक पडले नाहीत की ‘धप’च्या जागी ‘धधप’ ऐकू येतं. मग जॉग व्हीलच्या, म्हणजे डीजेच्या यंत्रावरच्या गोल चकतीच्या कडेला बोट लावून येणारं गाणं हलकेच पुढं ढकलायचं, नाहीतर रोखून धरायचं. थोड्या वेळानं पुन्हा घसरलं तर वेगाची पट्टीच सरकवायची. ९६ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला ९६ ठोक्यांचं गाणं १०० वर न्यायचं तर वेग चार टक्क्यांहून थोडा जास्त वाढवावा लागतो. सहा टक्क्यांच्या आसपास गेलात की गाणं जवळजवळ अर्धा स्वर चढतं आणि गायिकेचा आवाज बारीक होतो. यंत्रातला की-लॉक लावला तर वेग बदलला तरी स्वर जागेवर राहतो, पण फार ताणलं की आवाजात खरखर येते. हे मी कुठं वाचलं नव्हतं. तुम्ही एकच गाणं परत परत लावून ऐकवलंत.

या सवयीची खरी किंमत लग्नांमध्ये कळते. आजची नाचाची गाणी संगणकावर बनतात, त्यांचा वेग पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत सहसा एकच असतो. पण जुनी हिंदी गाणी, ढोलकीवरची लोकगीतं, भीमगीतं माणसांनी हातानं वाजवलेली. रंगात आल्यावर वादक किंचित पुढं धावतो, कडव्याला सैल पडतो. सॉफ्टवेअर त्यावर सरळ रेघा आखतं आणि अर्ध्या मिनिटात रेघ एकीकडं, ठोका दुसरीकडं. अशा वेळी बोट आणि कान, एवढंच कामी येतं. नागपुरात १३ एप्रिलच्या मध्यरात्री किंवा हळदीच्या मांडवात जुनं गाणं लावायचं नाही, असं चालतच नाही ना!

आणि ताल. शाळेतला तबला मी कधीच मागं टाकला होता, तुम्ही तो परत हातात दिला. केहरवा आठ मात्रांचा, तो चारच्या हिशोबात चालणाऱ्या नाचाच्या गाण्यात सहज मिसळतो. दादरा सहा मात्रांचा. त्याच्यावर केहरव्याचं गाणं हळूहळू चढवायला गेलं की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. तिथं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर सरळ तोडायचं आणि नवीन गाणं दणक्यात सुरू करायचं. नाचाच्या गाण्यात चार ठोक्यांची आठ आवर्तनं, म्हणजे ३२ ठोके झाले की बहुधा काहीतरी बदलतं: नवीन वाद्य येतं नाहीतर गायन सुरू होतं. पुढचं गाणं त्याच वळणावर आणायचं. मधेच आणलं तर ठोके जुळूनही ऐकणाऱ्याला धक्का बसतो. हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि मी आजही मनातल्या मनात मात्राच मोजते.

बेसचंही तसंच. दोन गाण्यांचे खालचे आवाज एकत्र आले की नुसता गदगदाट होतो. म्हणून येणाऱ्या गाण्याचा ‘लो’, म्हणजे बेसचं बटण आधीच उतरवून ठेवायचा आणि समेला एकाचा खाली, दुसऱ्याचा वर. मिक्सरवर लाल दिवा लागला तर गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी कमी करायची, कारण तिथून पुढं आवाज वाढत नाही, फाटतो. मे महिन्यातल्या लग्नात अॅम्प्लिफायरच्या रॅकला मागून मोकळी हवा हवी, पण कूलर थेट त्याच्यासमोर नको, पाण्याचे तुषार आत जातात. हे नागपूरवाल्यालाच सुचावं.

चहा पिताना तुम्ही अमेरिकेतल्या डीजे कूल हर्कची गोष्ट सांगायचात. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, बहिणीची पार्टी. लोक सगळ्यात जोरात नाचतात ते गाण्यातल्या फक्त तालाच्या तुकड्यावर, हे त्यानं हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवत नेऊ लागला. हिपहॉपची सुरुवात तिथून मानतात. तुम्हाला त्यातलं भावलं ते हे की तो आधी नाचणाऱ्यांकडं पाहत होता. तुम्हीही मला सांगायचात, पहिली दहा मिनिटं मांडवाच्या कडेला बसलेल्या आत्या-मावश्यांचे पाय पाहा, कोणत्या गाण्यावर हलतात ते.

कानांसाठी तर तुमचे वेगळे आभार. कानाला झेपतात ते ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि आवाज दर तीन डेसिबलनं वाढला की वेळ निम्मी. त्या हिशोबानं १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं! माझ्या किल्ल्यांना लटकलेली इअरप्लगची डबी तुम्हीच दिलेली. रात्री दहाला आवाज बंद करताना वराकडची मंडळी कितीही चिडली तरी तुम्ही हात जोडून फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी खाली आणायचात. ‘बाजूच्या घरात लेकरू झोपलं असन,’ एवढंच म्हणायचात. मी पण आता दहाला थांबते, आणि ठरवतानाच तसं सांगून ठेवते.

राहिली तुमची ती वही, गाण्यांची, ठेका आणि वेगासकट. सगळी उतरवून झाली आहे. ज्या गाण्यांपुढं वेग लिहायचा राहिला होता, तो मी कानानंच मोजून पेन्सिलीनं लिहिलाय. रविवारी आणून देते. दादऱ्याच्या पानावर दोन ठिकाणी मला शंका आहे, तेवढं बसून ऐकू.

तुमची,
नंदनवनची शिष्या