शंभर मण्यांची माळ

सांगोला, रविवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर भलतीच कुरकुरत होतीस. सर्व्हे कॅम्पात टोटल स्टेशनची, म्हणजे तुमच्या त्या अंतर-कोन मोजायच्या यंत्राची, बॅटरी उतरली आणि सरांनी तुम्हाला पावलं मोजत टेकडीवर पिटाळलं. ‘बाबा, आजकाल पावलं कोण मोजतं?’ मी हसलो खरा, पण रात्री नैनसिंग रावत काही डोक्यातून जाईना.

कुमाऊँतल्या मिलम गावचा हा माणूस. पेशाने शाळामास्तर, म्हणून सर्व्हे खात्यात सगळे त्याला ‘पंडित’ म्हणत. तिबेटात गोऱ्यांना मज्जाव, त्यामुळे ल्हासा नकाशावर नेमकं कुठे मांडायचं हेच इंग्रजांना ठरवता येईना. मग मॉन्टगोमेरी नावाच्या कॅप्टनच्या योजनेत याला एकाच मापाचं पाऊल टाकायची तालीम मिळाली. चढ असो की उतार, मैलाला साधारण २००० पावलंच पडली पाहिजेत. (उतारावर तसं चालून बघ, पोटऱ्या बोलायला लागतात.) १८६५ साली व्यापाऱ्याच्या वेषात निघालेला नैनसिंग जानेवारी १८६६ मध्ये ल्हासात पोचला.

हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की १०,००० पावलं, म्हणजे ५ मैल. जप करणाऱ्याचे मणी कोण मोजत बसतो? दुसऱ्या हातात प्रार्थनाचक्र, त्यात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद.

पाऱ्याची युक्ती मात्र मला सगळ्यात आवडते. सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या उपकरणाने, ताऱ्याची उंची (क्षितिजापासूनचा कोन) घ्यायची तर क्षितिज लागतं. दर्यावर्द्यांना ते आयतं मिळतं, डोंगरात कुठून आणायचं? म्हणून याने पारा कवड्यांत भरून नेला. रात्री तो वाटीत ओतला की आपोआप समपातळीत येतो. वर तारा, खाली पाऱ्यात त्याचं प्रतिबिंब. दोघांमधला कोन मोजायचा, निम्मा करायचा, झाली ताऱ्याची उंची, त्यावरून अक्षांश. सेक्स्टंट दिवसा पेटीच्या चोरकप्प्यात. आणि जागेची उंची काढायला उकळतं पाणी आणि थर्मामीटर, बस. दर ३०० मीटर चढलं की पाणी साधारण १ अंश आधीच उकळतं.

पुढे १८७७ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. ते असो.

माझी फजिती तुला कधी सांगितली नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका बांधाची मोजणी चालली होती. शेतमालक पावसाचं रडगाणं सांगत होता, मीही हो ला हो करत होतो, आणि मोजता मोजता एक साखळी गाळली. ३३ फूट! संध्याकाळी कागदावर हद्द मिळेना. दुसऱ्या दिवशी तोच बांध पुन्हा चाललो, तोंडाला कुलूप लावून. शेतमालकाला वाटलं, साहेब रागावले.

आजीच्या तुटलेल्या माळेचे मणी डब्यात पडून होते. त्यातले शंभर ओवून माळ कुरिअरने पाठवतोय. आजीला यातलं काही बोलू नकोस. मी ती घेऊन दोनदा घर ते कॅनॉल चाललो. पहिल्यांदा १,२१२ पावलं भरली, दुसऱ्यांदा १,१८७. दुसऱ्या फेरीत वाटेत कुलकर्णी भेटले होते. दिवाळीला आलीस की तू मोज.

तुझा,
बाबा