पाणथळ निरीक्षण : विद्यार्थी व कुटुंबांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, १९७१ साली पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीचा रामसर हा आंतरराष्ट्रीय करार झाला त्या दिवसाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या जागतिक पाणथळ दिनी, म्हणजे २ फेब्रुवारीस, विद्यार्थ्यांनी व कुटुंबांनी सकाळी ६.३० पर्यंत राखीव क्षेत्राच्या प्रवेशद्वाराशी जमावे.

पांढऱ्या ताटात तळ्याचे पाणी घेऊन मुलांना चतुर या कीटकाची अळी दाखवली जाईल. डासाची अळी टिपताना चतुराच्या अळीचा दुमडलेला खालचा ओठ क्षणात पुढे झेपावतो. हे प्रत्येक मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. पाहून झाल्यावर जीव त्याच जागी पाण्यात सोडावेत.

– १२ वर्षांखालील मुलांसोबत पालक असणे आवश्यक आहे.
– कपडे मळखाऊ रंगाचे असावेत. दुर्बीण असल्यास आणावी.
– पक्ष्यांना काहीही खाऊ घालू नये, तसेच घरट्यांजवळ जाऊ नये.