त्या लाल तांदळाच्या कॅप्सूल

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

काल अनघाचा फोन आला. लग्नाची तारीख सांगता सांगता ती सहज म्हणाली, "काका, बाबा तुमच्या कॅप्सूल नेमाने घेतात हो," आणि मला रात्रभर झोप लागली नाही. दिवाळीत मंदारने न्यू जर्सीहून आणलेल्या लाल यीस्ट तांदळाच्या दोन डब्यांपैकी एक मीच तुझ्या पिशवीत कोंबली होती. ती आधी बाजूला ठेव आणि मग पुढे वाच. फोनवर तू हसून विषय उडवशील, म्हणून लिहितो आहे.

मी आता बरा आहे. माझी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी रात्री चालू होतीच; तांदूळच तर आहे, असे म्हणून सकाळी ही कॅप्सूलही सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात मांड्या इतक्या दुखू लागल्या की कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागे, आणि एका सकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तेव्हा मालतीने रिक्षाच बोलावली. रक्तात सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक, भलतेच वाढलेले निघाले. डॉक्टरांनी सांगितले, की या तांदळावर वाढवलेल्या बुरशीतले मोनॅकोलिन के म्हणजेच लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध, जे अमेरिकेत 1987 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. म्हणजे मी एकाच जातीची दोन औषधे गिळत होतो, आणि डबीवरचे मिलिग्रॅम तांदळाचे असल्यामुळे त्यात औषध किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. युरोपने 2022 मध्ये मोनॅकोलिनला दिवसाला 3 मिलिग्रॅमच्या आतली मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. काही डब्यांत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला बाधणारे विषही सापडते. जपानात 2024 साली लाल तांदळाच्या अशाच गोळ्या मूत्रपिंडाच्या तक्रारींमुळे परत मागवाव्या लागल्या.

वसतिगृहात "धोत्राही नैसर्गिकच असतो" म्हणून तू माझ्याशी आठवडाभर भांडला होतास. त्या वादात तू जिंकलास; हे पत्र मात्र मालतीला दाखवू नकोस.

तुझी काळजी जास्त वाटते, कारण झडपेच्या शस्त्रक्रियेपासून तुझे रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू आहे आणि या कॅप्सूलने त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. तुझ्या त्या लसणाच्या कॅप्सूलही निर्धोक समजू नकोस. घरातल्या सगळ्या डब्या एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओत. पण घाबरून नेहमीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. मला त्यांनी फक्त इसबगोल ठेवू दिला आहे, तोही पेलाभर पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून दोन तास लांब.

लग्नाला येतोच. पायात गोळे येत असतील किंवा लघवीचा रंग बदलला असेल, तर आजच दवाखान्यात जा आणि तिथूनच मला फोन कर.

तुझा,
माधव