दार उघडंच होतं : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

विषय : न झालेल्या बटवड्यावर मारले जाणारे खोटे शेरे

महोदय,
सविनय नमस्कार.

नागपुरातून नागपुरातच स्पीड पोस्टानं पाठवलेला एक खाकी लिफाफा या आठवड्यात माझ्याकडे परत आला. तो समोर ठेवूनच हे लिहितो आहे. मागच्या बाजूला निळ्या बॉलपेननं एक तारीख आणि ‘दार बंद’. त्याखाली दुसऱ्या दिवशीची तारीख आणि पुन्हा ‘दार बंद’. दोन्ही ओळींचं अक्षर एक, पेनाचा दाब एक, अनुस्वारसुद्धा एकाच तिरक्या फटकाऱ्यात दिलेला. एका बैठकीत लिहिलेल्या ओळी आहेत या, कुणीही सांगेल. ज्या पत्त्यावर लिफाफा जायचा होता तिथं तळमजल्यावर किराणा दुकान आहे. सकाळी सातला शटर वर जातं, रात्री दहाला खाली येतं. पत्त्याखाली मोबाइल नंबर ठळक लिहिलेला आहे, त्यावर फोन आला नाही. सूचना-चिठ्ठीही कुणी टाकली नाही.

टपालाला उशीर होतो हे आम्हाला समजतं. गाडी चुकते, थैली भलत्याच गावाला जाते, पावसाळ्यात रस्ते बंद होतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘दार बंद’ लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या घराबद्दल सरकारी नोंदीत खोटी साक्ष देणं. माझं भांडण त्या दोन शब्दांशी आहे.

या शब्दांचं वजन कोर्टात कळतं. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ चं कलम २७ सांगतं की, पत्ता बरोबर असेल, टपालखर्च भरलेला असेल आणि कागद रजिस्टर पोस्टानं गेला असेल, तर तो नेहमीच्या वेळेत पोचला असं धरायचं. चेक न वटल्याच्या प्रकरणात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली सी. सी. अलवी हाजी खटल्यात हेच गृहीतक लागू केलं : बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानायचं, मिळाली नाही असं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं. समन्स मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे भरायची वाट त्या निकालानं ठेवली आहे, पण तोवर माणूस आरोपी झालेला असतो. घरात बसलेल्या माणसानं आपल्या दाराला कुलूप नव्हतं हे कशाच्या आधारे सिद्ध करायचं? पासपोर्टचंही तसंच. तो अर्जदाराच्याच हाती द्यायचा असतो, बटवडा झाला नाही तर पासपोर्ट कार्यालयात परत जातो, आणि मग हेलपाटे त्याच अर्जदाराचे.

२०२५ मध्ये आपण रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. सेवा सुधारेल, मागोवा नीट मिळेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. पूर्वी २० ग्रॅमपर्यंतचं रजिस्टर पत्र जीएसटीसह २५ रुपये ९६ पैशांत जात होतं. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरानं ५० ग्रॅमपर्यंतचं पत्र गावाबाहेर पाठवायला ४७ रुपये, नोंदणीचे ५, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६१ रुपये ३६ पैसे. ओटीपी हवा तर आणखी ५ रुपये आणि त्यावर कर. ओटीपीची कल्पना चांगली आहे, ती आणल्याबद्दल खात्याचं कौतुकही केलं पाहिजे. पण ओटीपीनं सिद्ध होतं ते एवढंच, की वस्तू दिली. वस्तू दिली नाही तेव्हा पोस्टमन दारापर्यंत आला होता की नाही, हे सिद्ध करायला काय आहे? बॉलपेनची एक ओळ, नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर निवडलेलं एक कारण. स्पीड पोस्टच्या १३ अक्षरी क्रमांकात आठ अंकांनंतरचा नववा अंक तपासणीचा असतो. आधीच्या आठांवरून तो गणितानं काढतात, म्हणून काउंटरवर एखादा अंक चुकला तरी यंत्राला कळतं. क्रमांकाची एवढी काळजी घेणारी व्यवस्था शेऱ्याची तपासणीच करत नाही.

शेरा खोटा का पडतो, हेही बघा, कारण दोष एकट्या पोस्टमनचा नाही. सकाळी थैली उघडते, टपाल बीटनुसार, म्हणजे प्रत्येक पोस्टमनला नेमून दिलेल्या भागानुसार, वेगळं होतं, पोस्टमन ते आपल्या रस्त्याच्या क्रमानं लावतो, स्कॅन करतो आणि निघतो. आता त्यात पार्सलं आली आहेत. दुचाकीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, पुढ्यात खोकं. मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, वाठोडा या भागांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी शेतं होती, तिथं आज चार-चार मजली इमारती आहेत. पत्ते मात्र लेआउटचेच, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडले तेव्हाच्या आखणीचे. नागपूर सुधार प्रन्यासनं नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत लेआउटांच्या, ‘५७२’ आणि ‘१९००’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, भानगडी नागपूरकरांना सांगायला नकोत. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या लेआउटमध्ये प्लॉट नंबर एकपासून सुरू होतो, त्यामुळे ‘प्लॉट नं. ४२’ शेजारशेजारच्या तीन लेआउटांमध्ये सापडतो. महापालिकेचा घर क्रमांक वेगळाच, आणि तो पाटीवर क्वचितच असतो. जुना पोस्टमन हे सगळं डोक्यात ठेवतो. त्याची बदली झाली किंवा तो सुटीवर गेला की बदलीच्या माणसाला गल्ली सापडत नाही. दुपारी परत येऊन प्रत्येक वस्तूचा हिशेब द्यायचा असतो : दिली, नाहीतर न देण्याचं कारण. ‘वेळ पुरला नाही’ असा शेरा आजवर एकाही लिफाफ्यावर पाहिला नाही. खरं कारण लिहिलं की जाब खात्याला विचारला जाईल, ‘दार बंद’ लिहिलं की दोष आमच्यावर येतो. माणसं भरायची नाहीत, बीट वाढवत न्यायचे आणि खरं लिहायला जागाही ठेवायची नाही, हा वरचा कारभार आहे.

आणि वर कायदा. १८९८ च्या टपाल कायद्यातलं कलम ६ टपाल हरवणं, उशीर, चुकीचा बटवडा या सगळ्यांतून खात्याला मोकळं करत होतं. १२५ वर्षांनी आपण नवा कायदा केला, १८ जून २०२४ पासून तो लागू झाला, आणि कलम १० मध्ये तेच कवच पुन्हा चढवलं. कर्मचाऱ्यानं फसवणूक केली किंवा मुद्दाम नुकसान केलं, तरच तो जबाबदार. ठीक आहे, न गेलेल्या दारावर ‘बंद’ लिहिणं मुद्दामच असतं. पण त्या वेळी पोस्टमनचा मोबाइल कुठं होता, याचा पुरावा खात्याकडे. सिद्ध करायचं आम्ही, पुरावा तुमच्या कपाटात, हा कुठला न्याय?

तक्रार करून बघा म्हणाल. १८०० २६६ ६८६८ वर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, पुढे केंद्राच्या तक्रार पोर्टलवर निकालाची मुदत २१ दिवस. वस्तू मात्र पोस्टात ७ दिवस थांबते आणि परत जाते. तक्रारीचं उत्तर येईपर्यंत भांडणाचा विषयच परगावी पोचलेला असतो. उत्तरही ठरलेलं : ‘संबंधित कार्यालयाच्या अहवालानुसार दार बंद होते.’ ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचाच अहवाल, त्यावरच निकाल! माहिती अधिकारात १० रुपये भरून स्थान-नोंद मागितली तर आणखी ३० दिवस.

खाजगी कुरियरकडे जा, असं सांगणारे भेटतात. तिथं शब्द तेवढे बदलतात : ‘ग्राहक उपलब्ध नाही’, ‘ग्राहकानं नाकारलं’. त्या मुलांना पार्सलमागे पैसे मिळतात, संध्याकाळी उरलेल्या खोक्यांवर हेच लावून ते मोकळे होतात. घरून लोणची, पापड, साड्या विकणाऱ्या बाईला जाण्याचं आणि परत येण्याचं भाडं दोन्ही भरावं लागतं. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ वर असतो, आणि खोटा शेरा मारलेलं खोकं पत्र्याच्या गोदामात आणखी एक दिवस पडून राहतं. पत्रं वाहून नेण्याची सरकारची मक्तेदारी आपण नव्या कायद्यात सोडली. मग या कंपन्यांच्या शेऱ्यांवर कोण लक्ष ठेवणार?

खरं तर हा रोग टपालापुरता राहिलेला नाही. मीटर न बघताच ‘घर बंद’ लिहून सरासरी बिल येतं. सर्वेक्षणाला कुणी फिरकत नाही आणि यादीत ‘घर बंद’ असतं. या देशात सामान्य माणसाचं घर सरकारला सोयीच्या वेळी नेमकं बंद असतं, आणि ते उघडं होतं हे दरवेळी त्यानंच सिद्ध करायचं.

थैली एका हातातून दुसऱ्या हातात जाताना यादीवर सही घ्यायची, ही टपालाची जुनी शिस्त आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला, सोनेगावच्या धावपट्टीवर भेटत, थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. संगणक नसताना चार दिशांचं टपाल या गावातून रातोरात फिरत होतं. आज प्रत्येक पोस्टमनच्या हातात मोबाइल आहे आणि दहा किलोमीटरवरचं किराणा दुकान सापडत नाही, हे आम्ही मान्य करायचं?

उपाय आपल्या खात्याकडेच आहे. मे २०२५ मध्ये आपण डिजिपिन आणला. अख्ख्या देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन, प्रत्येकाला दहा अक्षरी संकेत. ‘दार बंद’ किंवा ‘पत्ता सापडला नाही’ हे कारण निवडताक्षणी मोबाइल जिथं आहे तिथला डिजिपिन आणि वेळ आपोआप नोंदली जावी, त्याशिवाय शेरा स्वीकारलाच जाऊ नये. त्याच क्षणी घेणाऱ्याला संदेश जावा, आणि ‘मी घरी आहे’ असं उत्तर आलं तर वस्तू दुसऱ्या दिवशीच्या फेरीत पहिली निघावी. पाठवणाऱ्याला ही स्थान-नोंद मागोव्याच्या पानावरच दिसली पाहिजे, अर्ज न करता. ‘वेळेअभावी बटवडा झाला नाही’ हे कारण यादीत अधिकृतपणे घाला आणि ते निवडणाऱ्या पोस्टमनला नोटीस काढू नका. त्या नोंदी महिन्याला मोजल्या की कुठल्या बीटला आणखी एक माणूस हवा, हे समितीशिवाय कळेल. तक्रार चालू असेपर्यंत ७ दिवसांचं घड्याळ थांबवा. अहवाल त्या कार्यालयाकडून नको, वरच्या विभागाकडून हवा. आणि शेरा खोटा ठरला तर टपालखर्च न मागता परत करा.

हा लिफाफा उद्या त्याच पत्त्यावर पुन्हा पाठवतो आहे, पुन्हा पैसे भरून. दुकान सकाळी सातला उघडतं.

आपला,
एक टपाल ग्राहक
दक्षिण नागपूर