स्लरी जाते कुठे? तलावातल्या शेवाळापासून गॅस करण्याविषयी पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

तलावांतले शेवाळ आणि जलपर्णी काढून त्यांच्यापासून गॅस, खत आणि आणखी काहीबाही तयार करण्याचे प्रस्ताव आपल्या टेबलावर येत असतील. माझा त्यांना विरोध नाही. नोकरीची सगळी वर्षे मी तलावांचे पाणी तपासण्यात घालवली आहेत, मला तर अशा प्रकल्पांचा आनंदच व्हायला हवा. पण असाच एक प्रकल्प मागच्या बाजूने पाहिला, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

पुढची बाजू झकास होती. हार्वेस्टरच्या पट्ट्यावरून जलपर्णी वर चढत होती, ट्रॉल्या भरत होत्या, गॅसचा फुगा टम्म फुगलेला होता. पाहुण्यांना निळी ज्योत पेटवून दाखवली गेली. मी सवयीने मागे गेलो. डायजेस्टरमधली, म्हणजे जलपर्णी कुजवून गॅस काढण्याच्या बंद टाकीतली, काळी स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेला पातळ चोथा, एका जाड पाइपातून उघड्या गटारात पडत होती. हे गटार कुठे जाते, असे विचारल्यावर तिथल्या ऑपरेटरने काही न बोलता तलावाकडे बोट दाखवले. ये रे माझ्या मागल्या!

महोदय, या विषयातली गोम त्या पाइपात आहे. बायोगॅस म्हणजे मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड. स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, गॅस होत नाही. डायजेस्टरमध्ये जेवढा गेला तेवढा स्लरीतून बाहेर येतो. नत्रही बहुतेक सगळे स्लरीतच उरते, आणि त्यातले बरेचसे अमोनियाच्या रूपात, म्हणजे शेवाळाला लगेच उचलता येईल असे. तलावाचे जेवण आपण काढून घेतले, पचायला हलके केले आणि पुन्हा त्याच्याच ताटात वाढले.

स्फुरदावर माझा एवढा रोख का, तेही सांगतो. १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी '२२६' क्रमांकाच्या एका सरोवराच्या मध्ये पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र टाकले, स्फुरद मात्र एकाच बाजूला. तेवढीच बाजू हिरवीगार झाली. विमानातून काढलेले ते छायाचित्र एकदा जरूर पाहा. सुमारे एक किलो स्फुरदावर शंभर किलो कोरडे शेवाळ पोसले जाते. ओल्या वजनात हा आकडा कितीतरी पट होतो.

आणि ठेकेदाराला पैसे मिळतात ते ओल्या वजनावर! जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. दहा टन उचलली, तर कोरडा माल सहा-सातशे किलो आणि त्यात स्फुरद साधारण दोन-तीन किलो. सगळे सुरळीत चालले तर त्यातून शे-दीडशे घनमीटर गॅस, म्हणजे दोन-तीनशे युनिट वीज. निव्वळ विजेसाठी एवढा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तलाव साफ करण्याच्या खर्चातला थोडा भाग गॅसमधून सुटतो, इतकेच. खरी कमाई ते दोन-तीन किलो स्फुरद.

त्यांचे मोल कमी समजू नका. जगातल्या फॉस्फेट खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या पट्ट्यात आहेत. स्लरीच्या पाण्यात मॅग्नेशियम मिसळून स्ट्रुव्हाइट नावाच्या खनिजाचे पांढरे खडे काढता येतात. त्यांत स्फुरद आणि नत्र दोन्ही असतात आणि ते खत म्हणून हळूहळू विरघळतात. शेवाळ मिसळलेल्या फोमचे बुटांचे तळवेही निघाले आहेत, छान आहे. शेवाळापासून डिझेल देतो म्हणणाऱ्याला मात्र एवढेच विचारा, की हा चिखल वाळवायला किती इंधन लागते.

वेळेचाही प्रश्न आहे. शेवाळाने फुललेल्या तलावाचे पाणी बाटलीत भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर बोटभर निळसर हिरवी साय आणि खाली जवळजवळ नितळ पाणी दिसते. नील-हरित शेवाळाच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात, म्हणून ते तरंगते. वारा ते ढकलत काठाशी आणतो, तिथेच ते जिवंत असताना ओढून घ्यायचे. मोरचूद (कॉपर सल्फेट) मारून ते मेले, की पेशी फुटतात आणि आतले विष पाण्यात उतरते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवरातल्या अशाच विषामुळे सुमारे पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. उकळूनही ते विष जात नाही. त्यामुळे अशा शेवाळाची स्लरी तपासल्याशिवाय शेतात जाऊ देऊ नये. जलपर्णीच्या बाबतीत शिसे आणि कॅडमियम तपासावे, कारण ती ते शोषून घेते.

आता जरा अप्रिय बोलतो. सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारे खत थांबले नाही, तर हार्वेस्टर जन्मभर फिरत राहील. सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवरात जाणारे सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात वळवले गेले आणि काही वर्षांतच पाणी निवळले, तेही शेवाळ न उपसता. सगळीकडे इतके सोपे नसते, हे मान्य. तळाच्या गाळात साठलेला स्फुरद प्राणवायू संपला की पुन्हा वर येतो, आणि हे वर्षानुवर्षे चालते. अशा ठिकाणी उपसा खरोखर कामाचा आहे. पण गॅसचा प्रकल्प फक्त शेवाळावर बेतला, तर तलाव स्वच्छ होणे हेच प्रकल्पाचे नुकसान ठरेल, आणि मग तलाव घाण राहावा असे वाटणारा एक जण आपण स्वतःच्या खर्चाने उभा केलेला असेल. तो प्रकल्प शेण, पालापाचोळा, ओला कचरा यांवरही चालला पाहिजे. तसेही नुसत्या शेवाळात नत्र जास्त आणि कार्बन कमी असतो. अमोनिया वाढून मिथेन तयार करणारे जिवाणू मंदावतात, म्हणून काडीकचरा मिसळावाच लागतो.

तेव्हा विनंती अशी, की निविदेत ट्रॉल्यांऐवजी तलावाच्या पाणलोटाबाहेर नेलेल्या स्फुरदाच्या किलोवर दर ठरवावा. दर आठवड्याला कोरडे वजन आणि स्फुरद यांची तपासणी ठेकेदाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून व्हावी आणि आकडे तलावाच्या काठावरच्या फलकावर लागावेत. आणि प्रकल्पाच्या उद्घाटनाला जाल, तेव्हा ज्योत पेटवून झाली की कृपया मागच्या बाजूला चक्कर मारावी. पाइप कुठे उघडतो, ते स्वतः पाहावे.

आपला,
एक निवृत्त पाणी-तपासनीस