वायर ओढण्याआधी हिरवा दिवा बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रात्री दीडला तुझा निरोप आला: "बोर्ड मेला. तीनदा वायर काढून लावली." सकाळी तुझं प्रॅक्टिकल, म्हणून फोन केला नाही, लिहितेय. तुझा रास्पबेरी पाय, म्हणजे तो छोटा संगणक-बोर्ड, मेलेला नाही. आणि विजेची वायर अशी ओढत जाऊ नकोस, हे एकदाच सांगते.

पहिल्यांदा सुरू होताना पाय बराच वेळ कामात असतो. फाइल सिस्टिम पूर्ण मेमरी कार्डाएवढी वाढवतो, एसएसएचच्या (लॅपटॉपवरून बोर्डात शिरायच्या वाटेच्या) चाव्या तयार करतो, तू दिलेल्या सेटिंग्ज लावतो आणि मग स्वतःच रीस्टार्ट होतो. स्क्रीन नाही म्हटल्यावर यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त कार्डाशेजारचा हिरवा दिवा. तो अनियमित लुकलुकतोय म्हणजे कार्डावर वाचणं-लिहिणं चालू आहे. त्याच वेळी वीज गेली तर लिहिणं अर्धवट राहतं आणि फाइल सिस्टिम बिघडते. तुझ्या कार्डाचं तेच झालं असणार. घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं, त्याआधी वायरला हात नाही.

आता कार्ड पुन्हा लिही. कार्डावर ओएस लिहिणाऱ्या इमेजर प्रोग्राममध्ये मॉडेल, ओएस आणि कार्ड निवडलंस की सेटिंग्ज विचारतो, ते पान टाळू नकोस. होस्टनेम (बोर्डाचं नाव), वापरकर्ता, पासवर्ड भर, एसएसएच सुरू कर. एप्रिल २०२२ पासून 'पाय' हा आयता वापरकर्ता मिळत नाही आणि एसएसएच तर २०१६ पासूनच मुळात बंद असतं, त्यामुळे यातलं एक राहिलं तरी आत जायला दार नाही. जुन्या धड्यांत कार्डाच्या बूट विभागात वायफायची डब्ल्यूपीए सप्लिकंट फाइल टाकायला सांगतात. पायच्या ओएसच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ती वाचलीच जात नाही.

हॉस्टेलच्या वायफायवर बोर्ड जोडायच्या फंदात पडू नकोस. तिथे लॉगिनचं पान येतं, ते बोर्ड भरणार कसा? लॅन केबल थेट लॅपटॉपला लाव. साधी केबल चालते, क्रॉसओव्हर लागत नाही. पण नुसती केबल लावून भागत नाही, इथेच बहुतेक जण अडकतात. पूर्वी पत्ता देणारं कोणी नसलं तर पाय स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घ्यायचा. बुकवर्ममध्ये नेटवर्क सांभाळायला नेटवर्कमॅनेजर आला, तो डीएचसीपीची, म्हणजे पत्ता वाटणाऱ्या सेवेची, वाट बघत राहतो. तेव्हा पत्ता तुझ्या विंडोजने द्यायचा: नेटवर्क कनेक्शन्समध्ये वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब, पहिल्या चौकोनात खूण आणि खाली इथरनेट निवड. लॅपटॉप १९२.१६८.१३७.१ होतो आणि बोर्डाला त्याच रांगेतला पत्ता मिळतो. हॉस्टेलचं लॉगिन तू लॅपटॉपवर केलेलंच असतं, त्यामुळे बोर्डालाही इंटरनेट मिळतं.

मग लॅपटॉपवर पॉवरशेल या कमांडच्या खिडकीत एसएसएच, एक जागा, आणि मुक्ता ॲट होस्टनेम टिंब लोकल. पासवर्ड टाइप करताना अक्षरं उमटत नाहीत, ते तसंच असतं. 'कुड नॉट रिझॉल्व्ह' आलं तर नाव सापडलं नाही. 'एआरपी -ए' चालवून १३७ च्या रांगेतला पत्ता शोध आणि नावाऐवजी तो दे. 'टाइम्ड आउट' म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तरच येत नाही. 'रिफ्यूज्ड' दिसलं तर खूश हो: बोर्ड जागा आहे, फक्त एसएसएच अजून उठलेलं नाही किंवा सुरू करायचं राहिलंय. कार्ड नव्याने लिहिल्यामुळे होस्टची ओळख बदलल्याचा मोठा इशारा येऊ शकतो. घाबरू नकोस, 'एसएसएच-कीजेन -आर' (आर मोठ्या लिपीतला) आणि होस्टनेम टिंब लोकल दे, जुनी चावी पुसली जाते.

यातल्या एकाही संदेशावर वायर ओढायची गरज नाही. पुन्हा तेच बोलले ना मी?

दुसरं म्हणजे वीज. दादाने दिलेला पाय ४ आहे, त्याला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. लॅपटॉपचं साधं यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर देतं, निळं फार तर ०.९. त्यावर बोर्ड सुरू झाल्यासारखा वाटतो आणि ताण आला की कोलमडतो. मोबाइलच्या बारीक केबलमध्येही व्होल्टेज पडतं. लाल दिवा मधेच विझत असेल तर दोष बोर्डात नाही, विजेत आहे.

सायकलची चेन पडली की तू सायकल उलटी करून तासभर बसायचीस. दादा जवळ आला तर ओरडायचीस, पण चेन बसवूनच उठायचीस. तुझा तो हट्ट मला फार आवडायचा, अजून आवडतो. पण आता रात्री दीडला शेजारी कोणीच नसतं आणि तीनदा फसल्यावर तू चौथ्यांदा करून बघतेस, विचारत नाहीस. अकराला विचारलं असतंस तर... जाऊ दे. व्याख्यान द्यायला बसले नव्हते, रागावू नकोस.

एवढं करूनही शांतताच असेल तर ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरीयल केबल वापर, ती बोर्डाचे संदेश थेट लॅपटॉपवर आणते. कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'इनेबल यूएआरटी' बरोबर १. काळी वायर पिन ६ वर, केबलचं आरएक्स (घेणारी वायर) पिन ८ वर, टीएक्स (पाठवणारी) पिन १० वर, वेग १,१५,२००. लाल वायर लावायचीच नाही, बोर्डाला त्याची स्वतःची वीज आहे. बूट कुठे अडकतंय ते ओळीओळीने वाचता येईल.

काम झालं की 'सुडो पॉवरऑफ'. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच वायर. हो, परत लिहिलंय, माहीत आहे मला.

आत शिरलीस की 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' चालव आणि जे येईल ते मला पाठव. ०एक्स० आलं तर वीज ठीक. ०एक्स५०००० आलं तर वीज मधे कमी पडली होती, तो ॲडॉप्टर बाजूला ठेव. कितीही वाजले असले तरी पाठव, फोन उशाशीच असतो.

तुझी,
आई