जुन्या मॅसीला मोठी बॅटरी आणण्याआधी

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, बॅटरी सारखी उतरते म्हणून आपल्या मॅसी ३५ ट्रॅक्टरला १०० अँपिअर-अवरची (म्हणजे जास्त साठा असलेली) बॅटरी आणायची म्हणालात. ती एवढ्यात आणू नका. चार्जिंग कमी पडत असेल तर ८० ची उतरते तशी १०० चीही उतरेल, फक्त चार दिवस उशिरा.

सेल्फ बॅटरी खातो असं सगळे म्हणतात. हिशेब करून बघा. सेल्फ ३०० अँपिअर ओढत असला तरी पाच सेकंदांत अर्धा अँपिअर-अवरसुद्धा खर्च होत नाही. खातात ते दिवे. पुढचे ४५ वॅटचे दोन आणि मागचा ५५ वॅटचा एक मिळून १४५ वॅट, म्हणजे १२ अँपिअर. आणि इंजिन मंद चालत असताना जुना डायनामो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) जवळजवळ काहीच देत नाही. रात्री मळणीच्या खळ्यावर उजेडासाठी ट्रॅक्टर दोन तास मंद ठेवला की २४ अँपिअर-अवर गेले.

आधी तीन तपासण्या करा. दोघं मिळून करा. मल्टीमीटर बाबांच्या हातात, वही आईच्या.

पहिली तपासणी सकाळी, रात्रभर ट्रॅक्टर उभा राहिल्यावर. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. आई, हायड्रोमीटरचे (अ‍ॅसिडची घनता मोजणाऱ्या नळीचे) सहा सेलचे सहा आकडे तू ओळीने लिहून ठेव. भरलेला सेल साधारण १.२५ ते १.२८ दाखवतो. एखादा बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने मागे असेल तर तो सेल गेला, ती बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी सेल्फ मारताना. गिअर न्यूट्रल करा, स्टॉपचा दांडा ओढून धरा म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि पाच सेकंद सेल्फ मारा. भरलेली बॅटरी या वेळी ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या अर्थ टोकावर, म्हणजे बॉडीला जोडलेल्या टोकावर (क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या टोकावर) आणि दुसरी इंजिनच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर धरा. पुन्हा सेल्फ मारल्यावर ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. रंगावर बसवलेली लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) किंवा आतून हिरवी पडलेली तार, बहुतेक वेळा दोष इथेच निघतो आणि बॅटरी मात्र विनाकारण बदलली जाते. केबल ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या, लग दाबून बसवलेली, आणि अर्थ थेट इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टखाली, रंग खरवडून.

तिसरी तपासणी डायनामोची. त्याच्या डी आणि एफ या दोन्ही तारा काढा, डायनामोवरची ती दोन टोकं एका तारेने जोडा, आणि जोड ते बॉडी असं व्होल्टेज मोजा. इंजिन मंद ठेवून हळूहळू रेस वाढवा. आकडा सरसर १५ च्या वर चढला तर डायनामो ठीक आहे, दोष कटआउटमध्ये (डायनामो आणि बॅटरी यांच्यामधल्या पेटीत) किंवा वायरिंगमध्ये. २० च्या वर नेऊ नका. जेमतेम अर्धा-एक व्होल्ट आला तर आधी ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर बघा.

डायनामो चांगला निघाला तरी माझं मत त्याच्या जागी ऑल्टरनेटर (नव्या पद्धतीचं चार्जिंगचं यंत्र) बसवावा असंच आहे. आत रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) असलेला, १२ व्होल्ट, ३५-३६ अँपिअरचा पुरेसा आहे. मंद गतीवरही तो दिव्यांपुरता करंट देतो.

त्याआधी एक गोष्ट नक्की बघा: बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय? त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या कित्येक ट्रॅक्टरांत प्लस बॉडीला असायचा. ऑल्टरनेटरला मायनस अर्थ लागतो. उलट्या जोडणीत त्याचे डायोड क्षणात जळतात. प्लस अर्थ असेल तर बॅटरीच्या केबलची अदलाबदल करा. प्लसचं टोक जाड असतं, म्हणून क्लॅम्पही बदलावे लागतील. सेल्फला काही होत नाही, तो त्याच दिशेने फिरतो. अ‍ॅमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या मीटरच्या) दोन तारा तेवढ्या उलटा.

बसवताना दोन्ही पुल्या एका रेषेत हव्यात. सरळ पट्टी लावून बघा, कमी पडेल तिथे वॉशर घाला. पट्ट्याची रुंदी पुलीच्या खाचेशी जुळली पाहिजे. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा १०-१२ मिलिमीटर दबावा.

वायरिंगसाठी आधी बॅटरीची अर्थ केबल काढा आणि सगळं झाल्यावर तीच शेवटी लावा. ऑल्टरनेटरच्या जाड टोकापासून ६ चौरस मिलिमीटरची नवी तार थेट सेल्फच्या त्या बोल्टला, जिथे बॅटरीची केबल येते. सेल्फच्या बाजूला ५० अँपिअरचा फ्यूज. जुन्या तारेवर आणि अ‍ॅमीटरवर हा करंट टाकू नका. कटआउटच्या ए आणि ए१ च्या तारा एकत्र जोडा. डी आणि एफच्या तारा दोन्ही टोकांना सोडवून टेप लावून ठेवा. किल्लीपासून १२ व्होल्ट, २.२ वॅटचा बल्ब आणि बल्बाचं दुसरं टोक ऑल्टरनेटरच्या बारीक टोकाला. हा बल्ब नुसता इशाऱ्याचा नाही, त्यातून जाणाऱ्या करंटनेच ऑल्टरनेटर जागा होतो. एलईडी लावला तर चार्जिंग नीट सुरूच होणार नाही. होल्डर बॉडीला टेकता कामा नये.

बॅटरी शेवटी, ८० किंवा ८८ ची. ट्रेमध्ये मावते का आणि प्लस कोणत्या बाजूला येतो ते मोजून घ्या. वरून पट्टी घट्ट आवळा. हादऱ्यांनी प्लेटवरचा माल झडतो. नवीन बॅटरी पूर्ण चार्ज करूनच लावा, ८० ची असेल तर ८ अँपिअरने. पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड पाणीच, प्लेटच्या वर बोटभर. अ‍ॅसिड कधीही नाही. झाकणं उघडी असताना जवळ विडी-काडी कुणाचीच नको. आई, हे तू सांभाळ.

दोन सवयी मात्र बदलाव्या लागतील. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून डायनामो तपासायची जुनी पद्धत आता बंद, त्याने ऑल्टरनेटर जळतो. आणि ट्रॉली जोडलेली असताना वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि ऑल्टरनेटरची जाड तार सुटी करायची. बॅटरी पार मेली असेल तर ढकलून ट्रॅक्टर चालू होईल, पण चार्जिंग सुरू होईलच असं नाही. अशा वेळी चार्जर लावा.

सगळं झालं की अर्ध्या रेसवर बॅटरीच्या टोकांवर मोजा. १३.८ ते १४.४ हवेत. सगळे दिवे लावून १३.५ च्या वर राहावेत. १४.८ ओलांडलं तर रेग्युलेटर खराब आहे, लगेच बंद करा, नाहीतर पाणी उकळून जाईल.

आई, तुझ्या वहीतले सहा सेलचे आकडे आणि बाबांचे सेल्फ मारतानाचे दोन आकडे फोनवर सांगा. ते बघून केबलची लांबी आणि लगची मापं कळवतो.

तुमचा बाळ